खडकापलीकडचा लाल झेंडा

माझा मामा समुद्रावर जीवरक्षक आहे आणि त्याला सगळे 'शिट्टी' म्हणतात. तोंडावर नाही, पण त्याला माहीत आहे. जरा खोल गेलेल्या माणसाला तो शिट्टी मारून मागे बोलावतो, आणि सुट्टीवर आलेल्या माणसाला मागे बोलावलेलं अजिबात खपत नाही. "पैसे देऊन आलोय आम्ही," असं रोज कुणीतरी त्याला ऐकवतं. "पाण्याला नाही ना दिले?" असं विचारून तो पुन्हा शिट्टी मारतो. आमच्या घरी जिन्यावरून कुणी धावत उतरलं तरी त्याचा हात गळ्यातल्या शिट्टीकडे जातो.

किनाऱ्याच्या मधोमध मोठा खडक आहे. मामाचं मचाण खडकाच्या अलीकडे, आणि बाबांचा खुर्च्या-छत्र्या भाड्याने देण्याचा धंदा पलीकडे. पलीकडे जीवरक्षक नाही. तिथे माणूस द्या म्हणून मामाने साहेबांचे उंबरे झिजवले, पण कुणी दाद दिली नाही. शेवटी त्याने स्वतःच तोडगा काढला. तो तोडगा म्हणजे माझे बाबा.

रोज सकाळी मामा पलीकडचं पाणी बघून यायचा आणि आमच्याकडे चहाला बसायचा. बशीतला थोडा चहा टेबलावर सांडून त्यात बोटाने किनारा काढायचा.

"भाऊजी, हा खडक, ह्या तुमच्या खुर्च्या. आता हा पट्टा बघा. इथे लाटा फुटत नाहीत म्हणून लोकांना शांत वाटतं. अहो, शांत कसलं! आत आलेलं सगळं पाणी इथूनच परत बाहेर जातं, माणसाला घेऊन जातं. झेंडा इथे लावायचा."

खालची वाळू हलली की पट्टा जागा बदलायचा, म्हणून रोज नवं चित्र. बाबा चष्मा सरकवून ऐकायचे, मान डोलवायचे, दाराआडचा लाल झेंडा घेऊन निघायचे आणि संध्याकाळी परत आणायचे. मामा दिवसभर मचाणावर अडकलेला, आणि खडकापलीकडचं तिथून दिसत नाही. "ताई," तो आईला म्हणायचा, "अख्ख्या किनाऱ्यावर माझं ऐकणारा एकच माणूस आहे, आणि तो तुझ्या घरात आहे." आई फुलून जायची. खोटं कशाला बोलू, मीही.

फक्त बाबांच्या शेजारचा छत्रीवाला मामाला पाण्यात बघायचा. "बहिणीच्या घरचा चहा गोड लागतो वाटतं," असा टोमणा मारून जायचा. मामा हसण्यावारी न्यायचा.

मी तिथल्याच हॉटेलात, समुद्राकडच्या दाराशी टॉवेल द्यायला बसते. त्या दिवशी एका बाईंनी टॉवेल घेताना विचारलं, "पोहायला सुरक्षित कुठे?" असं विचारणारं माणूस विरळाच. मी ऐटीत म्हटलं, "लाल झेंडा दिसेल तिथून लांब राहा. बाकी बिनधास्त. झेंडा माझ्या मामाचा आहे."

थोड्या वेळाने आरडाओरडा ऐकू आला. मी पोचले तेव्हा मामा खडक ओलांडून पाण्यात शिरलाही होता. त्याने त्या बाईंना आडवं पोहत, लाटांच्या बाजूने बाहेर काढलं. त्या खोकत होत्या, थरथरत होत्या. मला बघून म्हणाल्या, "झेंडा तर तिकडे आहे. मी लांबच होते ना?" त्या तक्रार करत नव्हत्या. आपलं काय चुकलं ते मला विचारत होत्या.

मामाने वळून पाहिलं. झेंडा शेजारच्या छत्रीवाल्याच्या खुर्च्यांसमोर, जिथे लाटा फुटत होत्या तिथे, रोवलेला. त्याच्या खुर्च्या ओस पडलेल्या. बाबांच्या खुर्च्या गच्च भरलेल्या, आणि सगळ्यांची तोंडं त्या शांत पट्ट्याकडे.

"असा काय बघतोस?" छत्रीवाला म्हणाला. "रोज माझ्यासमोरच लावायला सांगतोस ना भाऊजींना?"

"रोज?" मामा म्हणाला. एवढंच.

रात्रभर बाबांचं चालू होतं. वाऱ्याने हलला असेल, कुणीतरी उपटून तिकडे लावला असेल, मला कुठे एवढं पाण्यातलं कळतं. सकाळी मामा आला आणि नेहमीच्या जागी बसला. आईने चहा ठेवला. त्याने बशीतला चहा टेबलावर सांडला, किनारा काढला, खडक काढला. पट्टा काढला नाही.

"भाऊजी, मीच सांगण्यात कमी पडलो असेन," तो म्हणाला. आवाज अगदी काकुळतीला आला होता. "कालचा पट्टा कुठे होता, दाखवा बरं."

बाबांनी चुकावं म्हणून तो जीव टांगणीला लावून बसला होता. मीही. आईही. बाबांनी सवयीने चष्मा सरकवला आणि बोट ठेवलं. जिथून त्या बाई ओढल्या गेल्या, नेमकं तिथे.

मग त्यांच्या लक्षात आलं. बोट मागे घेत म्हणाले, "लोकांना शांत पाणीच आवडतं रे. आजवर कुणी गेलं का?"

परक्याने केसाने गळा कापला असता तर मामा भांडला तरी असता. त्याने खांद्यावरच्या पंच्याने टेबल पुसलं, दाराआडचा झेंडा काढून घेतला आणि आईकडे न बघता म्हणाला, "ताई, उद्यापासून माझा चहा टाकू नकोस."

आता टॉवेल घेताना कुणी विचारलं तर मी सरळ मामाच्या मचाणाकडे पाठवते. खडकापलीकडे जाऊ नका म्हणते.

"का? तिकडे काय आहे?" असं ते हमखास विचारतात. मी टॉवेलांच्या घड्या घालत राहते. तिकडे माझे बाबा आहेत, हे कोणत्या तोंडाने सांगू?