अण्णांनी उचललेली चाल

तालमीत तिसऱ्या ओळीपर्यंत चारही चाली नीट चालल्या होत्या. चौथ्या ओळीला सगळे जण एकच चाल गाऊ लागले. दुसऱ्या दिवशी कार्यक्रम होता आणि प्राचार्य दारात उभे होते.

मी उमरग्याच्या एका कॉलेजात संगीत शिकवतो. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिलाच. सोलापूरला शिकताना माझ्या सरांनी युरोपातलं रेनेसान्स काळातलं, चारेकशे वर्षांपूर्वीचं चर्चसंगीत ऐकवलं. त्यांचे उपकार फेडायचे म्हणून तरी ते आपल्याकडं गायचं, असं मनात होतं. निवडलेली रचना तिकडंही क्वचितच गातात. वाद्यं नाहीत. गायकांचे चार गट, सगळे मिळून कॉयर. प्रत्येक गटाची चाल वेगळी, तिला पार्ट म्हणतात. चारही पार्ट एकाच वेळी गायचे.

सगळ्यात खालच्या पार्टला जड आवाज लागतो. पोरांकडं तो नव्हता, म्हणून भजनी मंडळातले दिगंबरअण्णा आणि त्यांचे सोबती घेतले. घोळ तिथंच होता. सगळ्यात वरचा पार्ट कॉलेजच्या मुली गायच्या; त्या अडखळल्या की अण्णा स्वतःचा पार्ट सोडून त्यांची चाल उचलायचे, आणि बाकीचे अण्णांच्या मागं जायचे.

"अडलेल्याला उचलून धरायचं, हे अंगातच हाय, सर."

"इथं अडू द्यायचं, अण्णा."

"पोरी अडल्या तरी आपलंच गात बसायचं? लई निर्दयी गाणं हाय तुमचं."

प्राचार्यांनी मला बाजूला घेतलं. "उद्या बसलं नाही, तर पुढच्या वर्षी कॉयर बंद. गॅदरिंगला ऑर्केस्ट्रा बोलावू."

मी अण्णांचा गट मुलींपासून लांब, स्टेजच्या दुसऱ्या टोकाला उभा केला.

कार्यक्रमाला हॉल भरला. चौथ्या ओळीला मुली अडल्याच. अण्णांनी त्या टोकावरून त्यांची चाल खणखणीत उचलली. क्षणात सगळे त्यांच्यासोबत. मी हात वर करून गाणं थांबवलं. आता कॉयर गेला, असंच वाटलं.

पुढच्या रांगेत भजनी मंडळाची माणसं बसली होती. भजनात आवडलेलं कडवं परत घेतात. त्यांतल्या एका म्हाताऱ्यानं हात हलवला. "व्हय, परत घ्या. झकास झालं."

मी पहिल्यापासून खूण केली. अण्णांनी डोळे घट्ट मिटले आणि स्वतःचा पार्ट सोडला नाही. मुलींना अण्णांच्या आवाजात आपली चाल नुकतीच ऐकायला मिळाली होती. त्या अडल्या नाहीत. चारही चाली शेवटपर्यंत पोचल्या.

प्राचार्यांनी हात मिळवला. "पहिल्यांदा मध्येच सगळे एका चालीत आले, ते भारी होतं. पुढच्या वर्षी तेवढं ठेवा."

ठेवतो म्हणालो. अण्णांकडं मात्र पाहिलं नाही.

अनोळखी गाणं एकदा मोडलं तरी घाबरू नये. परत घेईपर्यंत ते लोकांच्या ओळखीचं झालेलं असतं.