आडवी कबर

आमच्या दफनभूमीत सगळ्यांचे पाय पूर्वेकडे असतात. शेवटच्या दिवशी प्रभू पूर्वेकडून येईल तेव्हा कबरीतून उठल्याबरोबर तो समोर दिसावा म्हणून. जागा उरली नव्हती, त्यामुळे माझ्या बायकोची कबर मात्र भिंतीलगत आडवी, दक्षिणोत्तर खणावी लागली. आज शेजारच्या, आपल्या नवऱ्याच्या कबरीवरचं गवत उपटताना शांताबाई म्हणाल्या, “भाऊ, वहिनींना त्या दिवशी मान वळवावी लागणार.” आम्ही दोघंही थोडं हसलो.

चर्चचे पाळकसाहेब म्हणतात, दिशेचं मनाला लावून घेऊ नका, देवाचं राज्य आपल्यात आलेलंच आहे. आलेलं असेल, तर तिच्यावाचूनचं माझं घरही त्याच राज्यात आलं. अजून यायचं असेल, तर वाट पाहायला विश्वास हवा. तो आमच्या घरात तीच सांभाळायची. मी नुसता तिच्या सोबतीला चर्चमध्ये जात असे.