धुतलेले हात

तिला सगळे साबणमावशी म्हणायचे. पोरांनी ठेवलेलं नाव, पण पुढे म्हातारेकोतारेही तेच म्हणायला लागले. ख्रिस्ती देवळातल्या मंडळीत कुणी बाईमाणूस गेलं की शेवटच्या आंघोळीसाठी हिला बोलावणं. बादली, दोन पंचे, कंगवा, नखं कापायची छोटी कात्री, एक काडेपेटी आणि पांढऱ्या सुती हातमोज्यांचा जोड, एवढं घेऊन ती हजर. तीस वर्षं हेच. "माझ्या हातची आंघोळ झाल्यावर आजवर एकीनंही तक्रार केली नाही," असं ती स्वतःच म्हणायची आणि स्वतःच हसायची. एरवी मात्र तिला चहाला बोलवायचं म्हटलं की लोकांच्या जिवावर यायचं.

तिचं एकच तत्त्व होतं: माणूस देवासमोर नीटनेटकं उभं राहिलं पाहिजे. आयुष्यभर ज्यांना कुणी धड माणूस म्हणून वागवलं नाही, त्या बायकांना ती राणीसारखं सजवून पाठवायची. कुणाच्या अंगावर नवऱ्याच्या माराचे वळ असले तर पावडर लावून झाकायची. तिला त्यात काही चुकतंय असं कधी वाटलंच नाही हो! लाज झाकणं म्हणजे मान राखणं, एवढं साधं गणित.

त्या सकाळी शेजारणीची पोर आणली. एकोणीस वर्षांची, शिवणाच्या कारखान्यात कामाला. बाप्तिस्म्याच्या दिवशी हिलाच मावशीनं मांडीवर घेतलं होतं. आदल्या दिवशी कारखान्यात आग लागली आणि पोर मागच्या खोलीत धुरानं गुदमरली. अंगावर भाजल्याचा एक डाग नाही. डॉक्टरांनी कागदावर तेवढं लिहिलं आणि पोर घरी दिली.

मावशीनं दार लावून घेतलं आणि रडत रडत तिला न्हाऊ घातलं. हात घेतले तर नखं तुटलेली, वेडीवाकडी, आणि आत हिरवा मळ घट्ट बसलेला. "अगं बये, कामावर हात तरी धुवायचे," असं तिला लाडानं रागावत मावशीनं काडीनं एकेक नख कोरून साफ केलं, तुटलेली टोकं गोल कापली, वर मोजे चढवले. बादलीतलं पाणी मोरीत ओतलं, मोरी घासली आणि वर दोन तांबे साधं पाणीही टाकलं.

दुपारी चौकशीचा साहेब आला, बरोबर कारखान्याचा मुकादम. हा मुकादम दर रविवारी पहिल्या बाकावर बसणारा. पोरीची आई उंबऱ्यातच उभी राहिली.

"मागच्या दाराला बाहेरून कुलूप होतं, साहेब," ती म्हणाली. "रोज लावायचे. पोरी मधेच बाहेर जातात म्हणून."

"दार उघडंच होतं," मुकादम म्हणाला. "पोरीचा डोळा लागला असेल."

"मग दार दाखवा ना साहेबांना!"

"ते खराब झालं होतं. आज सकाळी नवीन बसवलं."

"जुनं कुठल्या रंगाचं होतं?" साहेबानं सहज विचारलं.

"हिरवं," आई म्हणाली.

मावशी धावत मोरीकडे गेली. जाळीत बोटं घातली, गुडघ्यावर बसून फरशी चाचपली, काडी शोधली. मोरी लख्ख होती. तिनंच तर घासली होती.

परत येऊन तिनं सगळं सांगून टाकलं. पोरीनं दार ओरबाडलं होतं, नखांत दाराचा रंग होता, आपण या दोन हातांनी तो काढला. साहेबानं स्वतः मोजे काढले, पोरीचे हात उजेडात धरून पाहिले. एक पांढरं, गोल, स्वच्छ नख. दुसरंही तसंच.

"मावशीचं वय झालंय, साहेब," मुकादम हळूच म्हणाला. "त्यात पोर मांडीवरची."

"मेल्या, तुझी जीभ झडो!" मावशी किंचाळली. "त्याच तोंडानं रविवारी प्रार्थना म्हणतोस ना? मी शपथ घेऊन सांगते, लिहून घ्या साहेब!"

साहेबानं तिचं म्हणणं लिहून घेतलं. त्याच्या खालीच लिहिलं की हातांवर कोणतीही खूण आढळली नाही. मग दोघं निघून गेले.

मावशी भिंतीला टेकून खालीच बसली. प्रभू क्रुसावर मेल्यावर उठून आला तो खिळ्यांच्या खुणा घेऊनच आला, आणि ज्याला खरं वाटेना त्याला त्यानं हात दाखवले. दर वर्षी ती हे ऐकत आली होती, डोळे पुसत आली होती. त्याचे हात कुणी घासून काढले नव्हते. मग आपल्याला कुणी सांगितला होता हा शहाणपणा?

थोड्या वेळानं ती उठली आणि सवयीनं मोजे उचलले. आईनं तिचा हात धरला. आवाजात राग नव्हता, हेच मावशीला सोसवेना.

"नको घालूस, मावशी. उघडेच राहू देत. वर गेल्यावर तरी कुणी विचारेल तिला, हात दाखव म्हणून."

मावशीनं त्या हातांकडे पाहिलं. तिथंही ते स्वच्छच दिसणार होते.