पुतळ्यांची करंगळी

या शहरात रस्त्यावर बायकांचे पुतळे तीन. बस स्थानकासमोर हात उंचावून भाषण करणाऱ्या एक पुढारीणबाई, नाट्यगृहाच्या पायऱ्यांपाशी एक गायिका आणि सरकारी इस्पितळाच्या फाटकात एक डॉक्टर. तिघींचे काळ वेगळे, चेहरे वेगळे. पण उजव्या हाताची करंगळी तिघींची एकच आहे. शेवटच्या पेरापाशी ती आत वळलेली, शेजारच्या बोटाला काहीतरी गुपचूप सांगत असल्यासारखी. हे आजवर कुणाच्या लक्षात आलेलं नाही. पुतळ्याच्या हाताकडे बघतो कोण? माणसं नाव वाचतात, कबुतरं डोकं बघतात.

ती करंगळी ज्यांची, त्या बाई पुतळ्यांच्या कारखान्यात मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मेणकाम करतात. कारखाना त्यांच्या धाकट्या दिराचा. सगळे त्याला मास्तर म्हणतात आणि बाईंना वहिनी. भट्टी सांभाळणारा ओतारी त्यांच्याहून वयाने मोठा, तोही वहिनीच म्हणतो. नवरा गेल्यावर त्या या शेडमध्ये आल्या, त्या घरी बसून काय करणार म्हणून. आता त्यांना घरी बसायचं होतं आणि कुणी बसू देत नव्हतं.

काम असं चालतं. मास्तर मातीत पुतळा घडवतात. त्यावरून साचा निघतो, साच्यातून मेणाची पोकळ प्रत निघते. त्या प्रतीवरचे सांधे, बुडबुडे, चिरा तापवलेल्या सुरीने बुजवायच्या, ते वहिनींचं काम. मग ओतारी मेणाभोवती मातीचा लेप चढवतो, भट्टीत मेण वितळून जातं आणि त्या पोकळीत ब्राँझ ओततात. वहिनींनी ठेवलेली चूक धातूत कायमची उमटते. तशा चुका त्यांनी फारशा ठेवल्या नव्हत्या.

चेहऱ्याच्या कामात मास्तरांचा हात धरणारा आसपास कुणी नाही. मेलेला माणूस फोटोवरून उठवून बसवतात. हातांच्या बाबतीत मात्र सगळा आनंद. त्यांनी घडवलेली बोटं केळ्याच्या फणीसारखी दिसतात, हे त्यांनाही ठाऊक आहे. पुढारीणबाईंच्या वेळी समितीतला एक जण म्हणाला होता, "बाई भाषण करतायत की मोजे वाळत घालतायत?" त्याच दिवशी मास्तर शेडमध्ये आले आणि म्हणाले, "वहिनी, जरा हात देता का?" वहिनींना वाटलं, काहीतरी उचलायचं असेल.

तेव्हापासून रीत पडली. मास्तर मातीत मनगटाशी नुसता गोळा ठेवतात. खरा हात वहिनींचा. हाताला तेल चोळायचं, हवी ती मुद्रा धरायची आणि वरून प्लास्टर थापायचं. घट्ट होताना प्लास्टर तापतं. हलायचं नाही. ज्या बाईंचा पुतळा त्यांची माहिती मास्तर तेवढ्या वेळात वाचून दाखवतात. हेतू असा की त्या बाईंचा भाव हातात उतरावा. वहिनींच्या हातात काय उतरायचं ते उतरलं, ध्यानात मात्र वेगळंच राहिलं. पुढारीणबाईंचं नाव निघालं की त्या म्हणतात, "त्यांनी खांदा मोडला माझा." गायिकेचा हात छातीपाशी, "त्या बऱ्या होत्या." डॉक्टरीणबाई रोग्याची नाडी बघतायत, म्हणून वहिनींना ओताऱ्याचं मनगट धरून बसावं लागलं होतं. ओतारी अजून सांगतो, "तेवढीच एकदा तब्येत दाखवली. औषध काही दिलं नाही बाईंनी."

दरम्यान वहिनींची बोटं सुजायला लागली. सांध्यांवर गाठी आल्या, सकाळी मूठ उघडेना. डॉक्टरच्या पुतळ्याच्या वेळी साच्यातून निघालेल्या मेणाच्या हातावर त्या गाठी स्पष्ट दिसत होत्या. मास्तर म्हणाले, "घासून टाका. बाई तरुण दाखवायच्या आहेत." वहिनींनी सुरी तापवली आणि स्वतःच्या एकेका बोटाची गाठ काढून टाकली. मेणातली.

"भाऊजी, आता बास," तेव्हाच त्या म्हणाल्या होत्या. "मला बसायचंय."

"ही शेवटची," मास्तर म्हणाले होते.

मग मुलींच्या कॉलेजकडून एकदम दोन पुतळ्यांचं काम आलं. एक इथल्या पहिल्या महिला मंत्री. बोट वर केलं की सभागृह गप्प व्हायचं, अशी त्यांची ख्याती. दुसऱ्या शास्त्रज्ञ. पिकांच्या पानांवरच्या रोगाचा माग काढण्यात त्यांचं आयुष्य गेलं. मंत्रीबाईंचं बोट उगारलेलं हवं आणि शास्त्रज्ञबाईंच्या चिमटीत पान, उजेडाकडे धरलेलं. पान वेगळं ओतून नंतर बसवायचं.

"ही शेवटची," मास्तर पुन्हा म्हणाले.

"दोन आहेत त्या."

"मग या दोघी शेवटच्या."

वहिनींनी दोघींसाठी उजवा हात दिला. प्लास्टर तापलं तेव्हा सांध्यांत कुणी सुया टोचाव्यात तसं झालं, पण मास्तर माहिती वाचत होते, मध्ये बोलायची सोय नव्हती. मेणाचे हात निघाले. गाठी तासून झाल्या. आता ते हात मेणाच्या बाहीला मनगटाशी जोडायचे. आजवर एका वेळी एकच पुतळा असायचा, त्यामुळे कुठला हात कुणाचा हा प्रश्न कधी आला नव्हता. या वेळी बाकावर दोन उजवे हात होते, दोन उजव्या बाह्या होत्या आणि मनगट सगळीकडे एकाच बाईचं. कुठलाही हात कुठल्याही बाहीत चपखल बसणार. मास्तरांना कोपरातून वाकलेला हात आवडतो, म्हणून बाह्याही जुळ्या. वहिनींचं लक्ष मेणावर कमी आणि अंगठ्याच्या सांध्यावर जास्त होतं. त्यांनी जोडलं, सांधे बुजवले आणि हात गरम पाण्यात घालून बसल्या.

भट्टी झाली, ब्राँझ थंड झालं, बाह्या धडांना वेल्ड झाल्या. दोघी बाया अंगणात उभ्या राहिल्या, तेव्हा पहिला हसला तो ओतारी.

शास्त्रज्ञबाई बोट उगारून समोरच्या झाडाला दम देत होत्या. मंत्रीबाई चिमूट पुढे करून उभ्या होत्या.

"सभागृहात मीठ कमी पडलं वाटतं," ओतारी म्हणाला.

मास्तरांची सून पॉलिशचा बोळा घेऊन बाहेर आली होती. ती तोंड दाबून आत पळाली. मास्तर दोन्ही पुतळ्यांभोवती फिरले आणि मग शेडच्या दारात येऊन उभे राहिले. ते कधी ओरडत नाहीत, त्या दिवशीही ओरडले नाहीत.

"वहिनी, हे कसं झालं?"

"माझ्या हातून झालं."

"ते दिसतंय. पण तुमच्या हातून?"

"भाऊजी, मी सांगत होते ना, हात राहिलेले नाहीत."

मास्तर म्हणाले, "कापू आणि बदलू. मनगट तर एकच आहे." हे खरंच होतं. पण ब्राँझ कापून जोडलं की सांध्यावर छिन्नीने पुन्हा कातडीचा पोत काढावा लागतो, आणि ते बारीक काम वहिनींशिवाय कुणाला येत नाही. म्हणजे चूक निस्तरायला पुन्हा तेच हात. वहिनींनी छिन्नी उचलून पाहिली. ती बोटांत राहिना. त्यांनी ती खाली ठेवली.

शास्त्रज्ञबाईंची धाकटी बहीण त्याच दुपारी आली. पुतळा बघायला यायची होती दुसऱ्या दिवशी, पण तिला सोडणारा भाचा उद्या मोकळा नव्हता. पोस्टातून निवृत्त झालेली, काठी टेकत चालणारी, स्पष्ट बोलणारी बाई. मास्तरांनी खुर्ची दिली, सुनेला चहा टाकायला सांगितला आणि पुतळ्यावर चादर टाकायला ओताऱ्याला खुणावलं. ओतारी चादर शोधेपर्यंत तिने पाहून घेतलं होतं.

"चेहरा तिचाच आहे," ती म्हणाली. "कपाळावरची आठी कशी काढलीत? बरोब्बर आहे."

मास्तर जरा सैलावले.

"पण हा हात कुणाचा?"

"ते बोटाचं आम्ही बदलतोय," मास्तर घाईने म्हणाले. "जोडताना जरा अदलाबदल झाली. ताईंच्या हातात पान येणार आहे."

"बोट उगारलंय त्याचं काही नाही. उगारायची ती. आमच्यावर तर रोज उगारायची. मी म्हणते, हा हात कुणाचा? एवढा गुळगुळीत? नव्या नवरीचा असावा तसा."

"फोटोवरून अंदाज घेऊन केलाय."

"कुठल्या फोटोवरून? आमच्या घरात तिचा हात दिसेल असा एक फोटो नाही. सगळीकडे हात पाठीमागे धरून उभी. लाज वाटायची तिला बोटांची. नाव झालं तेव्हा साठीच्या घरात होती ती. बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी झाली होती. पानाची चिमटीसुद्धा अंगठा आणि मधल्या बोटात धरायची, पहिलं बोट वळायचंच नाही. तुम्ही पान द्याल तिच्या हातात, पण असल्या नाजूक हाताने का तिने त्या पानांचं सोनं केलं?"

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. सून पॉलिशने भरलेले हात धूत होती, म्हणून कप त्यांनी आणला, दोन्ही तळव्यांत धरून. बोटांनी कान धरवत नाही म्हणून. बहिणीने कप घेतला आणि त्यांच्या हातांकडे बघत राहिली.

"अशी," ती म्हणाली. "अगदी अशी होती."

मास्तरांचा चेहरा उजळला. "मग झालं तर! घरातच आहेत की. वहिनी, बसा. या वेळी गाठी ठेवू. तासायचं कामच नाही."

"मी नाही बसणार," वहिनी म्हणाल्या.

अंगणात ओतारी चादर धरून तसाच उभा राहिला. वहिनींनी दिराला नाही म्हटल्याचं त्याने आजवर पाहिलं नव्हतं. मास्तरांनीही.

"एवढा एकच—"

"भाऊजी, तुमच्या चार बायांना मी हात दिले. या पाचवीला तर आता दुसऱ्यांदा. हे माझ्या पाचवीला पुजलंय की काय?" आवाज चढला नव्हता. उलट आणखी खाली आला होता. "प्लास्टर तापतं तेव्हा मला रडू येतं. तुम्ही वाचत असता, तुम्हाला दिसत नाही."

 पाहुण्यांसमोर घरचं निघालं की माणूस जसा कपबशीकडे बघतो तसे मास्तर बघत राहिले. वहिनी बहिणीसमोरच्या पेटाऱ्यावर बसल्या.

"तुमचे दाखवा बघू हात."

"माझे?" बहिणीने काठी मांडीवर आडवी घेतली आणि हात पुढे केले. तीच बोटं. तेच आलं. "हे दुखणं आमच्या घराण्यातच आहे. आईला होतं, तिला होतं, मला आहे. पण माझे हात घेऊन काय करणार? मी काय केलंय पुतळ्यात जायला? आयुष्यभर पोस्टात शिक्के मारले."

"मी तरी काय केलंय?" वहिनी म्हणाल्या.

ती हसली. मग हसू ओसरल्यावर म्हणाली, "दुखेल का?"

"दुखेल. खोटं कशाला सांगू? पण एकदाच. आणि तिला दुखलंच असेल ना पान धरताना?"

बहिणीने चहा संपवला आणि बाही वर केली.

प्लास्टर सुनेने कालवलं. वहिनी शेजारी बसून सांगत होत्या, पातळ नको, आता घाल, बोटांच्या मध्ये आधी. मास्तरांनी सवयीने माहितीचा कागद काढला. वहिनी म्हणाल्या, "राहू द्या. त्यांना पाठ आहे." बहिणीने डोळे मिटून अंगठा आणि मधलं बोट जुळवलं. पहिलं बोट तसंच ताठ राहिलं, उगारल्यासारखं. 

"आता तापायला लागेल," वहिनी म्हणाल्या. "हलू नका. नाक खाजलं तर मला सांगा, मी खाजवते."

"बाई गं, खरंच तापतंय."

"डॉक्टरीणबाईंच्या वेळी याहून तापलं होतं. होईल आता थंड."

"तुम्ही रडायचात म्हणालात."

"हो. तुम्ही पण रडा हवं तर. इथे कुणी बघत नाही."

ती रडली नाही. तिने विचारलं, सगळ्यांत सोपी कोण होती, आणि वहिनी म्हणाल्या, "गायिका. तिचा हात छातीपाशी होता. टेकू होता."

पुढचं काम सुनेने केलं. मंत्रीबाईंना त्यांचं उगारलेलं बोट परत मिळालं. मनगटावरचा जोड जवळून पाहिला तर दिसतो, कारण सुनेचा हात अजून बसलेला नाही. शास्त्रज्ञबाईंच्या बोटांवर गाठी आहेत. कॉलेजच्या प्राचार्यांनी विचारलं, हे जरा गुळगुळीत करता येईल का? मास्तर म्हणाले, घरच्यांनी मान्य केलंय. पुतळ्यांचं आणखी काम आलं तर हातासाठी ज्याच्या त्याच्या घरच्यांना बोलवायचं, असं त्यांनी ठरवलंय. निदान तसं ते बोलतात.

अनावरणाला वहिनी गेल्या नाहीत. तिथे मांडवात लोखंडी घडीच्या खुर्च्या असतात आणि भाषणं लांबतात.

मंत्रीबाईंचा कापून काढलेला, चिमूट धरलेला हात शेडमध्ये पडून होता. गुळगुळीत, तरुण, करंगळी आत वळलेली. "ठेवू या," मास्तर म्हणाले, "कधी उपयोगी पडेल."

"उपयोगी पडेल म्हणूनच नको," वहिनी म्हणाल्या, आणि तो पिशवीत घालून घरी घेऊन गेल्या. वजनदार आहे, ओताऱ्यालाच दारापर्यंत पोहोचवावा लागला. दुपारी वारा सुटला की त्यांच्या खोलीचं दार आपटायचं आणि उठून लावावं लागायचं. आता तो हात दाराशी टेकून ठेवलेला असतो. वहिनी खिडकीपाशी बसतात. उठत नाहीत.