दुसऱ्यांदा टोचलेली पारडी

अठरा दंड तपासले आणि अठराही कोरे निघाले.

देवळाच्या ओट्यावर मी बसलो होतो. समोर बायकांची रांग, प्रत्येकीच्या कडेवर पोर. आठ दिवसांपूर्वी याच पोरांना मी देवीची लस टोचली होती. आठव्या दिवशी दंडावर पाण्याने भरलेला टपोरा फोड दिसला, की लस लागली असं समजायचं. मग मोठी देवी त्या पोराच्या वाटेला जात नाही. इथे ओरखडेसुद्धा पुसून गेले होते. आमचे इन्स्पेक्टर, ज्यांना आम्ही रावसाहेब म्हणायचो, शेजारी रजिस्टर मांडीवर घेऊन बसले होते. एकेका नावापुढे 'फेल' लिहायचे आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघायचे.

रजिस्टरात नावं एकोणीस होती. एकोणिसावं पोर बायजाचं. ती मुलाला घेऊन कल्याणला भावाकडे गेल्याचं पाटलांनी सांगितलं. कल्याणात देवीची साथ होती. आणि तिला जायची परवानगी मीच दिली होती.

मी व्हॅक्सिनेटर होतो. लोक आम्हाला देवीडॉक्टर म्हणत. एकविसावं वर्ष, नोकरीचा दुसरा हंगाम पण ठाण्यातला पहिलाच, आणि मिशांच्या मानाने अक्कल बेताची. आमचं ठाणं म्हणजे ठाण्याच्या इस्पितळामागची एक शेड. तिथे म्हशीचं पारडू भाड्याने आणायचं, पोटावरचे केस वस्तऱ्याने काढायचे, लॅन्सेट नावाच्या टोकदार सुरीने ओरखडे काढून त्यावर लस चोळायची. पाचव्या दिवशी फोड पिकतात. त्यांतलं पाणी म्हणजे लिम्फ. ते काढून पोरांना टोचायचं. पारडू चार दिवस कसकसतं आणि बरं होऊन घरी जातं.

लिम्फ ताजं असावं म्हणून आम्ही पारडूच गावोगाव न्यायचो. हे गाव म्हणजे डोंबिवली, तिथे तेव्हा स्टेशनसुद्धा नव्हतं. भरतीचं पाणी चढलं की पारडाला होडीत घालायचं आणि खाडीने वर जायचं. पारडाने पोट चाटू नये म्हणून गळ्यात बांबूच्या काड्यांचं कडं असायचं. दोन्ही तीरांवर मिठागरं, होडीत नावाड्याने भाजलेले बोंबील. मी ब्राह्मणाचा मुलगा, मी नाक धरायचो आणि तो हसायचा. पुढे बढती मिळाली, टेबल मिळालं, पण त्या होडीतलं सुख पुन्हा मिळालं नाही. आजही ओहोटीच्या चिखलाचा वास आला की मी एकवीस वर्षांचा होतो.

तर ती पारडी. नौपाड्याच्या ठकूबाईची. नौपाडा तेव्हा भातशेतांतला एक पाडाच होता. पारडीला टोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिचं पोट लालभडक झालं, सुजलं, खाजेने ती बेजार झाली. मी खूश. इतक्या लवकर इतकी लाली कधी पाहिली नव्हती. रजिस्टरात लिहून टाकलं, 'लागण उत्तम'. साथ जवळ आलेली, म्हणून लगोलग होडी सांगितली.

पाचव्या दिवशी गावात पाहिलं तर लाली ओसरलेली आणि फोड धड भरलेलेच नाहीत. चिमटा लावून दाबलं तेव्हा थोडं तांबूस पाणी आलं. मला शंका आली होती, हे आज लपवत नाही. पण ओट्याखाली एकोणीस आया ताटकळत उभ्या. परत जा असं सांगायचं धाडस झालं नाही. तेच पाणी टोचलं. बायजाची आई कल्याणला त्याच भावाकडे आजारी होती. साथीच्या भीतीने बायजा जायची थांबली होती. तिने विचारलं, आता पोराला घेऊन जाऊ का? मी म्हटलं, "खुशाल जा. झालं आता, भीती नाही."

ते वाक्य आठव्या दिवशी फोड बघून बोलायचं असतं. मी पाचव्या मिनिटाला बोललो.

रावसाहेबांनी रजिस्टर मिटलं. म्हणाले, "हात हलका पडला तुमचा."

मी म्हटलं, हात नेहमीसारखाच होता, दोष लिम्फचा असावा. दोन दिवस द्या, शोधून काढतो. त्यांनी दिले. पाटलांमार्फत बायजाला परत येण्याचा निरोप धाडला. मी स्वतः जायला हवं होतं. कल्याण काही लांब नव्हतं. लाज वाटली, म्हणून गेलो नाही. बायजाचा उलट निरोप आला, की डॉक्टरच म्हणाले भीती नाही, आईला बरं वाटलं की येते.

दुसऱ्या दिवशी नौपाड्याला गेलो. पारडी गोठ्यात मजेत चरत होती. तिच्या पोटावरून बोटं फिरवली. माझे ओरखडे ताजे होते, ते लगेच कळले. त्यांच्या पलीकडे, वाढलेल्या केसांखाली, आणखी बारीक वण हाताला लागले. जुने. ओळीने, लॅन्सेटच्या ओरखड्यांसारखे सारख्या अंतरावर.

ठकूबाईला विचारलं, ही आधी कधी शेडमध्ये आली होती का?

"आलती ना, गेल्या थंडीन. तवा दुसरा डाक्टर व्हता."

"मग परत तीच का दिलीस?"

"तिच्या आंगाव देवी आली व्हती. मी तिला काठी लावत नाय, कपालाला कुकू लावतंय. देवीचे कामाला देवीचाच जनावर द्याचा. कोरा कसा देऊ?"

मला इतका राग आला की जीभ चावावी लागली. तिने लबाडी केली नव्हती. घरातली सर्वांत पवित्र वस्तू काढून दिली होती. मग तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. सगळा देवीच्या वणांनी भरलेला. लहानपणी आली होती म्हणाली. तेव्हापासून पाड्यात कुणाला देवी आल्या की हिलाच बोलावणं. ही उशाशी बसायची, कडुलिंबाचा पाला अंगावरून फिरवायची. भीती वाटत नाही का, मी विचारलं.

"एकदा आली ती परत नाय येत. माज्या आंगाला ठावं हाय ती."

एवढं बोलून तिने पारडीच्या पोटावरचे वण चाचपले. मग हळूच म्हणाली, "म्हंजी हिच्या आंगाला पन ठावं झाला?"

मी पुस्तक पाठ केलं होतं आणि पोटावरच्या लालीला भुललो. हिने दोन वाक्यांत उत्तर दिलं.

थोडं समजावून सांगतो. शरीराला लस पहिल्यांदा भेटते तेव्हा त्याला ओळखायला वेळ लागतो. तेवढ्यात फोड पिकतो. दुसऱ्यांदा भेटली की शरीर ओळखतं आणि दुसऱ्याच दिवशी तुटून पडतं. ती लाली, ती सूज, ती खाज लसीची नव्हेच. शरीराच्या स्वतःच्या मारामारीची आहे. मारामारी लवकर संपते आणि हाती काही उरत नाही. मुंबईला डॉक्टरी शिकणारा माझा भाचा सांगतो, की आता परदेशात बकऱ्यांना बकऱ्यांचंच रक्त टोचून बघतात. हा आतला पहारेकरी घरच्या माणसांवरच काठी उगारतो का, हे त्यांना शोधायचं आहे. मला त्यातलं फार कळत नाही. पहारेकऱ्याची काठी किती लाल वळ उठवते, ते मात्र मी पाहिलं आहे.

ठकूबाईने मग दुसरी, कोरी पारडी दिली. ती मरेल का, असं दोनदा विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाली, "मी संगती येतंय." आणि शेडमध्ये चार दिवस, मग होडीत, तिच्या डोक्यावर हात ठेवून बसली. या वेळी पहिले दोन दिवस पोटावर काहीच दिसलं नाही. मी रजिस्टरात काहीच लिहिलं नाही. पाचव्या दिवशी गावात फोड भरले, टपोरे, स्वच्छ पाण्याचे. बायका दुसऱ्यांदा पोरं द्यायला तयार नव्हत्या. ठकूबाईने ओट्यावर बसून त्यांना आपलं तोंड दाखवलं आणि म्हणाली, असा तोंड पायजे का तुमचे पोरांना? अठराही पोरं आली, आणि आठव्या दिवशी अठराही दंडांवर फोड होते.

बायजाचं पोर आलं नाही. त्याला कल्याणातच ताप भरला होता. मी गेलो तेव्हा अंगभर देवी फुटलेल्या. आठवडाभर मी रोज गेलो. पोर जगलं. डावा डोळा गेला.

रावसाहेबांनी मला समोर बसवून कारण लिहायला लावलं. मी लिहिलं, की चूक पारडीच्या मालकिणीची नाही, माझी. त्यांनी वाचलं, सही केली आणि त्या दिवसापासून शेडमधून परत जाणाऱ्या प्रत्येक पारडाच्या कानाला खाच पाडायचा नियम केला. माझी बदली केली नाही. ते का, हे मी कधी विचारलं नाही.

तिच्या पोराला लस लागलीच नव्हती, हे बायजाला मात्र मी सांगितलं नाही. पुढच्या हंगामात ती स्वतः ओट्यावर आली, पोराला बोटाशी धरून, पदरात माझ्यासाठी वालाच्या शेंगा. नव्या आया मागे सरत होत्या. त्यांना ती म्हणाली, "डाक्टरान टोचलेला म्हनून माजा पोर जगला. नायतर गेला असता."

तिच्या शब्दावर त्या वर्षी सगळ्या आया पुढे आल्या. मी मान खाली घालून लॅन्सेट पुसत बसलो. ती दर वर्षी यायची आणि तेच सांगायची, आणि मी दर वर्षी शेंगा घ्यायचो.

नव्या व्हॅक्सिनेटरांना मी एवढंच शिकवलं. पाचव्या दिवसाआधी रजिस्टरात लिहू नका आणि आठव्या दिवसाआधी आईला काही सांगू नका. ते कारण विचारायचे. मी कानाची खाच दाखवायचो आणि पारडीची गोष्ट सांगायचो. बायजाची आज पहिल्यांदा सांगतो आहे.