वाऱ्याआडची जागा

आपा साईट बघायला भर दुपारी निघायच्या. बाकीचे आर्किटेक्ट सकाळी लवकर उरकून घ्यायचे किंवा उन्हं उतरल्यावर जायचे. आपा मात्र एप्रिल-मे महिन्यात नेमक्या दुपारच्या जेवणानंतर ओढणी डोक्यावर घेऊन उठायच्या. मी त्यांच्याकडे नवीन होते. माझं माहेर गंगापूरकडचं, शेतीवालं, उन्हाची सवय होती, तरी एकदा न राहवून म्हणालेच, "आपा, लई ऊन हाय हो. उद्या सकाळी जाऊ की."

"सकाळी सगळ्याच जागा चांगल्या दिसतात बेटा," आपा म्हणाल्या. "माणूस सावली शोधतो, तेव्हा जागा बघायची असते."

गुलमंडीत एका कापड दुकानाच्या वर त्यांचं ऑफिस होतं. तरुणपणी त्या नवऱ्याबरोबर आखातात गेल्या आणि तिथं बरीच वर्षं एका मोठ्या ऑफिसात काम केलं. नवरा गेल्यावर परत आल्या. मूल नव्हतं. आल्यावर त्यांनी घरं बांधली, शाळा बांधल्या. पण कागदावर मोकळा हात फिरू लागला की वाळूच्या टेकड्याच निघायच्या. एका बाजूनं हळूहळू चढत गेलेली आणि दुसऱ्या बाजूला एकदम उतरलेली रेघ. "ह्या उतरलेल्या बाजूला वारा लागत नाही," त्या मला दाखवायच्या. "वाळवंटातला माणूस इथं बसतो, इथं चहा करतो, इथंच नमाज पढतो."

पडेगावच्या बाहेर, दौलताबाद रस्त्याला लागून, नमाजसाठी एक जागा बांधायची होती. ती बांधून घेणाऱ्या मंडळींचे प्रमुख होते चाचा. लाकडाच्या वखारीचे मालक, सरळ आणि कडक माणूस. आपांनी त्यांच्यापुढं नकाशा पसरला. त्यात मातीच्या जाड भिंती होत्या. लाल मुरूम, पांढरी माती, करडी माती असे थरावर थर देऊन दाबलेल्या. दाराशी भिंत कंबरेएवढी आणि आत जाल तशी चढत जाणारी. समोरच्या, पश्चिमेच्या म्हणजे मक्केकडच्या भिंतीवर छताच्या फटीतून उजेड उतरायचा. बाकी कुठं काही सजावट नाही.

चाचांनी नकाशावरून बोट फिरवलं. "नकाशा अच्छा है. लेकिन गुंबद किधर है?"

"माळरानावर आभाळ आहेच की चाचा. त्यावर आणखी घुमट कशाला?"

चाचा हसले. गुंबदाचा प्रश्न तिथंच मिटला. मग त्यांचं बोट उजवीकडच्या भिंतीवर गेलं. ती भिंत वळसा घेऊन आत आली होती, आणि त्या वळशाच्या आड एक ऐसपैस जागा होती. तिला तीच पश्चिमेची भिंत, तोच उजेड.

"ही बायकांची," आपा म्हणाल्या.

"आमच्याकडं बायका घरी पढतात. हे काढा नकाशातून."

"काढते. पण मग नकाशावरचं माझं नावही काढा."

आपांचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. पाया आधीच मंजूर होता, त्यामुळं या बोलण्याआधीच काही भिंती, वळशाचीही, छातीएवढ्या झाल्या होत्या. काम थांबलं. पावसाळा आला, आम्ही भिंतींवर ताडपत्र्या टाकून आलो, आणि आपांनी पुढं तो विषय काढला नाही.

एवढा हट्ट का, असं मी ताडपत्र्या टाकून परतताना विचारलं होतं. तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटचं त्यांनी ते सांगितलं. नवरा तिकडे हायवेवर अपघातात गेला. दवाखान्यात कागदांवर सह्या करताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. एकट्या गाडी चालवत परत निघाल्या, आणि रस्त्यात वाळूच्याच रंगाची एक छोटी मशीद दिसली. आत गेल्या. "बायकांसाठी जागा होती. स्वच्छ, थंड. कोणी विचारलं नाही, एकटी का आलीस. मी तिथं रडले बेटा. त्या दिवशी ती जागा नसती, तर मी गाडी कुठं नेली असती मला माहीत नाही."

दिवाळीच्या आसपास चाचा स्वतः जिना चढून ऑफिसात आले. टोपी काढून हातात धरली होती. खुलताबादहून म्हाताऱ्या आईला घेऊन परतताना असरची, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची वेळ झाली, म्हणून त्यांनी गाडी साईटवर थांबवली होती. ते भिंतींच्या आत नमाज पढून आले, तर आई गाडीत नव्हती. ती वळशाच्या आड, ताडपत्री सारून, मातीवर कपाळ टेकून बसली होती.

"अम्मी म्हणाली, ऐंशी साल में पहिली बार बाहेर नमाज पढली. म्हणाली, इथं वारा लागत नाही." चाचांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. म्हणाले, "आपा, काम सुरू करा. जसं काढलंय तसंच."

काम सुरू झालं, आणि त्याच हिवाळ्यात आपांचं दुखणं कळलं. त्यांनी ते आधीपासून अंगावर काढलं होतं. पुढंपुढं त्या चाकांच्या खुर्चीत बसून साईटवर यायच्या आणि भिंतीवरून तळवा फिरवायच्या. मग येणंही थांबलं. मी संध्याकाळी घरी जाऊन दिवसभराचं सांगायचे. शेवटच्या भेटीत मला रडू फुटलं, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. "पश्चिमेची भिंत घासून गुळगुळीत करू देऊ नको. मिस्त्री हौसेनं करतील. हाताला माती लागली पाहिजे." एवढंच. ते त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

उन्हाळा सरायच्या आत आपा गेल्या. छताचं काम अजून बाकी होतं. कब्रस्तानात बायका जात नाहीत. मी आणि चाचांची आई फाटकाबाहेर कडुलिंबाखाली उभ्या होतो. म्हातारीनं माझा हात शेवटपर्यंत सोडला नाही.

उरलेलं काम मी पुरं केलं. मिस्त्री खरंच भिंत घासायला निघाले होते. दोन दिवस भांडून मी ते थांबवलं. आज मी माझं ऑफिस चालवते, आणि साईट बघायला दुपारीच जाते. लोक चिडतात.

जागा पुरी झाल्यावरच्या पहिल्या जुम्म्याला, शुक्रवारच्या नमाजाला, चाचांनी मला बोलावलं. बायकांच्या बाजूला, अगदी मागं, मी नुसती बघत भिंतीला टेकून बसले. वाटलं होतं चार-दोन येतील. पडेगावच्या, छावणीतल्या, वाळूजच्या कंपनीतून सुटी टाकून आलेल्या, बायका येतच राहिल्या. उजेड पश्चिमेच्या भिंतीवरून ओघळत होता. पुढच्या रांगेत चाचांच्या आईशेजारी एक जागा रिकामी होती. मला वाटलं, म्हातारीनं ती आपांसाठी ठेवली आहे. 

तेवढ्यात म्हातारी मागं वळली आणि हातानं खुणावत म्हणाली, "आगे आव बेटी. सफ में जगा खाली नई छोडते."

मागच्या रांगेतून एक अनोळखी मुलगी पुढं गेली. खांद्याला खांदा लागला, रांग पूर्ण झाली, आणि सगळ्या एकदम वाकल्या.