अबू राशेद यांचा न प्यालेला कप

अबू राशेद नसते तर माझ्या बाबाचं जिवंत तोंड मला दिसलं नसतं. हे आधी लिहितो, कारण पुढचं लिहिताना हात अडखळतो... दीड महिन्यापूर्वी अबू राशेद गेले.

इथल्या टीव्हीवर दोन दिवस त्यांचंच चाललं होतं. तरुणपणी दिल्लीत राजदूत, मग परराष्ट्रमंत्री, भांडणाऱ्या दोन शेजारी देशांना एका खोलीत बसवून तह घडवणारे. मी आरमोरीचा, आठवीत शाळा सोडलेला. या आखाती देशात सहा वर्षं त्यांच्या घरी कॉफी ओततोय. त्यांचं राजकारण मला जेवढं कळलं, ते बिनकानाच्या छोट्या कपातून.

त्यांच्यात रीत अशी, की पाहुण्याला काही मागायचं असेल तर तो भरलेला कप न पिता समोर ठेवतो. यजमानाने "पी, तुझं काम झालं" म्हटल्याशिवाय ओठाला लावत नाही. मला नवख्याला काय माहीत? एका म्हाताऱ्या टोळीप्रमुखाची कॉफी निवलेली दिसली आणि आपल्याकडे चहा बदलून देतात तशी मी ती उचलून नेली. मागणं धुडकावलं असं समजून तो उठून गेला. त्याचा मुलगा शेजारच्या देशात कैदेत होता, त्यासाठी आला होता. ड्रायव्हर इस्माईलभाऊ, आपल्या चंद्रपूरचे, मला म्हणाले, "काऊन रे, यायनं जन्मभर लढाया मिटवल्या, अन् तू एका कपात लावून देल्ली?" मी बॅगच भरायला घेतली होती. पण अबू राशेद ऐंशीच्या वयात काठी टेकत त्याच्या घरी गेले आणि स्वतःचा कप न पिता ठेवून बसले... त्याचा राग जाईपर्यंत. पुढे मुलगा सुटला. मला दिल्लीतल्या हिंदीत एवढंच म्हणाले, कप उचलायच्या आधी माणसाकडे बघत जा.

मग बाबानं अंथरूण धरलं. वैनगंगेत जन्मभर जाळं टाकलेला माणूस. ताई फोनवर म्हणाली, "तुलेच विचारून राह्यले. दुसरं काई बोलतच नाई." रजेला अजून वर्ष होतं, अबू राशेद यांच्या घरचा मॅनेजर ऐकेना, आणि साहेबांपुढे तोंड उघडायची माझी हिंमत नव्हती. ओतणाऱ्याने पहिला कप स्वतः चाखायचा, हीही इथली रीत. त्या सकाळी मी तो भरला आणि खाली ठेवला. ठरवून ठेवला की नकळत, आजही सांगता येत नाही. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. "पी. तुझं काम झालं." काय काम, विचारलंसुद्धा नाही. संध्याकाळी पासपोर्ट माझ्या हातात होता. मी पोचल्यावर बाबा तीन दिवस जगला.

मी इथे परतलो. आणि अबू राशेद यांच्या शेवटच्या सकाळी... मी त्यांना कॉफी दिली. त्यांनी कप घेतला आणि भरलेला तसाच समोर ठेवला. मला वाटलं, इच्छा नसेल. उचलला, धुऊन टाकला. दुपारी ते गेले. इस्माईलभाऊ म्हणतात, "आजारी माणूस, गेली नसन कॉफी. कायले सोताचा जीव खातं?" असेलही तसं. पण मी त्यांच्याकडे बघितलं नाही, हे खरं.

तो कप त्यांच्या मुलाने मला ठेवू दिला आहे. रोज सकाळी भरतो, त्यांच्या खुर्चीसमोर ठेवतो; निवला तरी लगेच उचलत नाही. अबू राशेद, तुम्हाला काय मागायचं होतं ते कधीतरी, कुणाच्या तरी तोंडून कळेल. माझं काम काय, हे तुम्ही विचारलं नव्हतं. मीही अवघड की सोपं ते बघणार नाही. ज्या दिवशी कळेल, त्या दिवशी ते काम करीन.